बाईंनी काढलेला दसरा

अंबाजोगाईत बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले, त्या दिवशी माझं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून ते वर जाऊ देत नव्हत्या. हमाल डोक्यावर खोकं घेऊन ताटकळलेला, मी घामाघूम, आणि बाई एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारताहेत, "ह्येचं काय काम हाय?"

डुगडुगणाऱ्या स्टुलाचं काय काम? मागच्या घराच्या खिडकीच्या पडद्यांचं या घरात काय काम? झाकण नसलेल्या कुकरचं काय काम? मी म्हटलं, "बाई, झाकण मिळालं की वापरीन." त्यावर बाई इतक्या खुशीत हसल्या की मला वाटलं आपण काहीतरी विनोद केला. "मंग झाकण मिळालं की कुकर आण," म्हणाल्या, आणि कुकर जिन्याखाली ठेवून घेतला. तो मला परत कधी दिसला नाही. खरं सांगते, हे लिहायला बसेपर्यंत त्याची आठवणही आली नव्हती.

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. ग्रंथालयातल्या माणसाचा हात ठेवून घेणारा. पुठ्ठा सुटलेलं पुस्तकसुद्धा आम्ही दोरी बांधून कपाटात ठेवतो, न जाणो कुणी मागायला येईल. आणि बाईंचा जन्मच मुळी काढून टाकण्यासाठी झालेला. एका छपराखाली आम्ही दोघी कशा राहिलो याचं गल्लीला नवल वाटायचं, मला तर अजून वाटतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. उंच, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शाळेतली शिट्टी. कुणाच्या घरी गेल्या की आधी बसत नसत. दोन्ही हात बाजूला ताठ पसरून खोलीतून एक चक्कर मारत. हाताला काही लागलं नाही तर "झकास!" आणि लागलं तर तिथंच थांबून, "घर म्हंजे काय गोडाऊन हाय का?" मग शिट्टी. शिट्टी वाजली की त्या घरातल्या बाईनं ओळखायचं, आज आपली दुपार गेली.

नोकरीत त्यांच्या एवढ्या बदल्या झाल्या होत्या की चौसाळ्यापासून पार डोंगराकडच्या वस्त्यांपर्यंत जिल्ह्यातली कुठलीही शाळा काढा, बाई तिथं शिकवून आलेल्या. संसार एसटीच्या टपावर मावेल एवढाच ठेवायचा, ही तेव्हाची सवय. "बदली झाली की कळतं बग, आपलं किती आन् आपल्याला चिकटलेलं किती," असं त्या म्हणायच्या. निवृत्तीनंतर बदल्या संपल्या तर बाईंना चैन पडेना. मग त्यांनी घरातल्या घरात बदल्या सुरू केल्या. महिना-दीड महिना झाला की खालून फरशीवर कपाट ओढल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ बाईंचा विजयी सूर, "कपाट आजपासून मधल्या खोलीत रुजू झालं!" जुनी पातेली, फाटक्या चादरी, एकट्या राहिलेल्या चपला या सगळ्यांना त्या कार्यमुक्त करत. एकदा मला म्हणाल्या, "तुझ्या त्या पिवळ्या बादलीला कार्यमुक्त कर गं. लई वर्सं सेवा झाली तिची." मी बादली सोडली. बाईंनी तिच्यात तुळस लावून ती समोरच्या दवाखान्याच्या दाराशी ठेवून दिली.

कोपऱ्यावरचा भंगारवाला चाचा म्हणायचा, "बाईंच्या गल्लीत मला भोंगा लावायची गरजच न्हाई. बाईच माझा भोंगा हायेत." चाचाचा टेम्पो आला की बाईंच्या चेहऱ्यावर जे तेज चढायचं ते मी लग्नाच्या वरातीतल्या करवलीच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

बाईंचे यजमान, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, अगदी गरीब माणूस. त्यांच्याकडे एक बंद पडलेला रेडिओ होता आणि न चालणाऱ्या घड्याळांनी भरलेली एक पिशवी. हे सगळं त्यांनी बाईंना चोरून माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. मी कॉलेजातून आले की पेपर मागायच्या निमित्तानं वर यायचे, रेडिओ मांडीवर घ्यायचे आणि त्याचा कान पिळत बसायचे. त्यातून खरखरसुद्धा निघत नसे. तरी बराच वेळ बसायचे आणि जाताना खूण करायचे, सांगू नको.

एक दिवस बाई वर आल्या. हात पसरून चक्कर मारली, फळीपाशी थांबल्या. बाईंनी पदरानं रेडिओ पुसला आणि होता तिथंच ठेवला. "सरांच्या सामानावरली धूळ झटकत जा गं," म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग याला कार्यमुक्त नाही केलंत?"

"कावून करू? त्येला काम हाय की. त्येच्यापायी त्या मानसाला रोज घडीभर मला चुकवून बसता येतंय. तेवढं तर पायजेच."

त्या दिवसापासून मला बाईंची भीती वाटेनाशी झाली. त्या वस्तू टाकायला निघालेल्या नव्हत्याच, त्या वस्तूंना काम विचारत होत्या. पण माझं हे मत गल्लीत कुणाला पटलं नाही. तिथं बाई दिसल्या की लोक अजूनही दाराला कडी घालत.

आता घाटनांदूरची गोष्ट. माझी आई तिथं एकटी राहायची. वडील गेलेले, दादा पुण्यात, मी अंबाजोगाईत. आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली यच्चयावत वस्तू अंगणात काढायची, भांडी घासायची, गोधड्या धुवायच्या, भिंतींना चुना द्यायचा आणि सगळं पुन्हा होतं तसं आत लावायचं. बाईंना हे मुळीच मंजूर नव्हतं. "समदं भाईर काढायचं आन् तितकंच आत न्यायचं? ह्येला दसरा म्हनत न्हाईत, ह्येला हजेरी म्हनतेत!"

तर त्या वर्षी आई दसरा काढायला म्हणून फळीवरची भांडी उतरवत होती आणि स्टुलावरून पडली. खुबा मोडला. अंबाजोगाईला आणलं, ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून दोन पावलं टाकायलाही लागली. दुखण्याचं तिनं फार केलं नाही. तिची तक्रार एकच होती. दवाखान्यात तिला न्हाणीत न्यायला दोन बायका लागत, दार उघडं ठेवावं लागे, आणि आई डोळे मिटून घ्यायची. मला म्हणाली, "मला माझ्या घरी न्हे. मला एकटीनं जाऊ दे. दुसरं काय बी मागत न्हाई मी."

दादा पुण्याहून आला तो तिला घेऊन जायच्या तयारीनंच. त्याचंही चुकत नव्हतं. आमचं घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या आणि मागच्या अंगणात न्हाणी. पलंगापासून न्हाणीपर्यंतची वाट कोठ्या, पोती, ट्रंका आणि भांड्यांच्या उतरंडींमधून जायची. धडधाकट माणूसच तिथून आडवं होऊन जायचा. पहिल्याच खोलीत वडिलांची मोटारसायकल उभी, चादर पांघरलेली, वडील गेल्यापासून जागची न हललेली.

दादा म्हणाला, "ह्या घरातून वॉकर फिरवून दाखवा. आई एकटी न्हाणीपर्यंत जाऊन आली तर राहू दे तिला इथं. नाही तर मी पुण्याला नेणार, मग कुणी रडायचं नाही."

पुण्याचं घर आठव्या मजल्यावर. आई तिथं गेली की खिडकीशी बसून रस्ता बघायची आणि तिसऱ्या दिवशी जेवण सोडायची. हे मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. मी कॉलेजातून घरी येऊन जिन्यात बसले आणि रडले. बाई बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला माझ्या रडण्याची लाज वाटायला लागली.

"तीन खोल्या?" त्यांनी विचारलं. "गच्च?"

"गच्च."

"आगं, मंग आदी कावून न्हाई सांगितलंस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाच्या टेम्पोत पुढे बाई, मी मधे कोंबलेली. दादा आपल्या गाडीतून मागोमाग. वाटेत प्रत्येक वस्तीवर दसरा निघालेला. कुंपणांवर गोधड्या, बाभळींवर गोधड्या, ओढ्याच्या दगडांवर गोधड्या. बाई खिडकीतून मान बाहेर काढून बघत होत्या आणि माझ्या मांडीवर थापा मारत होत्या. "काय उत्साव हाय बग! काय उत्साव हाय!"

बाईंचा एक नियम होता, धन्याला विचारल्याशिवाय चमचासुद्धा हलवायचा नाही. धनीण दवाखान्यात. म्हणून सरांना आईच्या खाटेशी बसवलं होतं, हातात मोबाईल देऊन. इकडे मी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल धरलेला. चाचा आणि बाईंनी सगळं अंगणात काढलं, बाईंनी शिट्टी फुंकली आणि पहिली कळशी कॅमेऱ्यापुढे धरली.

"ताई, ही देऊन टाकू का?"

"ठिवा," आई म्हणाली.

"ही चाळण? भोकं पडलीत."

"चाळनीला भोकंच असतेत. ठिवा."

तीन शेगड्या, ठेवा. तळ गेलेली घमेली, ठेवा. आहेरात आलेले टॉवेल आणि टोप्या ट्रंकभर, वडिलांच्या डोक्यावर एकही चढली नव्हती, ठेवा. झंपरचे तुकडे तर विचारूच नका. आमच्याकडे हे तुकडे या ओटीतून त्या ओटीत वर्षानुवर्षं फिरत असतात, शिवत कुणीच नाही. आईकडे ते येऊन स्थायिक झाले होते. वरून सर खाटेशी बसून आईच्या बाजूनं. "असू द्या ताई, कामाला येतं," असं पलीकडून ऐकू यायचं आणि बाई इकडून ओरडायच्या, "सर, तुमी मधी बोलू नका!" आईच्या वॉर्डातले बाकीचे पेशंटही गोळा झाले होते. कुणी म्हणे द्या की आजी, कुणी म्हणे न्हाई देऊ नका. तिकडं नुसती सभा भरली होती.

दुपार झाली. अंगणात डोंगर तसाच आणि चाचाचा टेम्पो रिकामा. दादा मोटारसायकलवर बसून, कारण खुर्च्या बाहेर होत्या, पुण्याच्या ऑफिसशी फोनवर बोलत होता. मधेच माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. बाई ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. त्यांना असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं, चालली आई पुण्याला.

बाईंनी पाणी प्यायला तांब्या उचलला. काठावर नाव कोरलेलं होतं. आमच्याकडे आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय देत नाहीत. बाईंनी ते वाचलं आणि सहज विचारलं, "ताई, ही कोन?"

"ती व्हय? ती माझी मावळन, बापाची बहीन. लग्नात आलती, भर उन्हात चालत आलती बिचारी."

"आन् तुमी काय घातलं तिला?"

आई एकदम उशीवर वर सरकली. "मी? मी तिच्या लेकीच्या लग्नात हंडा घातला! तांब्याचा! समद्या मांडवात कुनी हंडा घातला नव्हता. लोक तोंडात बोटं घालून बघत व्हते."

बाईंनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, चाचाकडे बघितलं. मग ताडकन उठल्या आणि घशाच्या शिरा फुगेपर्यंत शिट्टी वाजवली.

"ताई, आता 'देऊ का' म्हनून इच्यारतच न्हाई. ही कळशी हाय. ही कुनाला घालायची, तेवढं सांगा!"

आई म्हणाली, "समोरच्या सुनंला घाला. तिला बाळ झालं तवा मी काईच न्हाई घातलं, मनात ऱ्हायलंय." आणि लगेच, "पर रिकामी देऊ नका! ओंजळभर ज्वारी घाला तिच्यात. कुंकू लावा. आन् म्हनावं, आजीनं दिलीय."

झालं! जे धरण सकाळपासून तुंबलं होतं ते फुटलं. आईला एकेक माणूस आठवायला लागलं. हे पातेलं तिला, ती बरणी हिला, या ताटांचा जोड शाळेतल्या खिचडीला. प्रत्येक भांड्यात ओंजळ-ओंजळ ज्वारी, म्हणजे भांड्यांबरोबर कोठ्यासुद्धा रिकाम्या व्हायला लागल्या! मी कुंकू लावत होते, बाई ज्वारी घालत होत्या, चाचा भांडी पोचवत होता. त्याला गल्लीत लोक विचारत, भंगारवाल्या, आज उलटं कसं काय रे? आणि तो ऐटीत सांगे, "आज मी आहेर वाटतो." ज्या बायका आपापल्या घरचा दसरा काढून कंबर धरून बसल्या होत्या, त्यांच्या दारात आणखी एक भांडं येऊन पडत होतं. पण आजीचा आहेर, नाही कसं म्हणणार? हसत होत्या, कपाळाला हात लावत होत्या आणि घेत होत्या. झंपरच्या तुकड्यांवर मात्र आईनं फार डोकं चालवलं नाही. "गोधडी शिवनारीला देऊन टाका समदे," म्हणाली, "सुटले बिचारे फिरायचे."

मी बाईंना हळूच म्हटलं, "बाई, हा पसारा नुसता या घरातून त्या घरात चाललाय."

"जाऊ दे की. एका घरात व्हता तवर ढीग व्हता. घरोघर एकेक गेलं की त्यो ढीग ऱ्हात न्हाई." आणि बाईंनी पोत्यातून आणखी एक ओंजळ भरली. त्यांच्या केसांत, भुवयांत ज्वारीची धूळ, आणि चेहरा असा फुललेला, की मला त्या क्षणी त्या अतिशय सुंदर दिसल्या.

घाईगर्दीत जे व्हायचं ते झालंच. शेजारी माझी मोठी आई राहते, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आईची जाऊ. दोघींत भांडण कधी नाही, पण भांड्यांची चढाओढ जन्मभर. आई म्हणाली, "जाऊबाईला पितळंची परात द्या, मोठी." परात गेली. आणि थोड्याच वेळात मोठी आई तीच परात कमरेवर घेऊन अंगणात उभी. ज्वारी सांडतेय, पदर घसरतोय, आणि तोंड लालबुंद.

"कुनी पाठिवली ही?"

चाचा हातातलं पातेलं खाली ठेवून बाईंकडे बघायला लागला.

"माझं नाव हाय हिच्या काठाला! मी घातलीय ही हिच्या लग्नात! आहेर वापस करतेत का कुटं? मेले का मी? का समंद तुटलं आपलं?"

आमच्याकडे आहेर परत करणं म्हणजे नातं तोडणं, त्याला दुसरा अर्थ नाही. पंधरा माणसांत भांडलं तरी माणसं पुन्हा एका ताटात जेवतात, पण दिलेलं परत पाठवलं तर पिढ्या बोलत नाहीत. परात फिरवून काठावरचं नाव बघायचं आम्हा एवढ्या शिकलेल्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. बाई पुढे झाल्या. "चूक माझी हाय. मी वाचलं न्हाई. जल्मभर पोरांना नाव वाचाया शिकिवलं आन् आज मीच न्हाई वाचलं." मोठ्या आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात माझ्या हातातल्या मोबाईलमधून आईचा आवाज आला, रडवेला. "जाऊबाई, मला ठावं नव्हतं वो! तुमची परात मी वापस करंन का?"

मोठी आई गरकन वळली. "ही कुटून बोलती?" मी मोबाईल तिच्यापुढे धरला. आईचे केस सुटलेले, गाल बसलेले, हाताला सुई. तिच्या जावेला तिला नऊवारीत, अंबाड्यात बघायची सवय. परात कमरेवरून खाली आली.

"आगं माय, किती वाळलीस गं!" मोठी आई म्हणाली, आणि दोघी दोन्हीकडून रडायला लागल्या. बाईंनी परात उचलली, पदरानं पुसली, आत नेऊन मधल्या फळीवर एकटी, दिमाखात मांडली. "परात हितं रुजू झाली. हिला आता कुनी हात लावायचा न्हाई."

रडून झाल्यावर मोठी आई आत शिरली. मोकळ्या खोल्या बघून थबकली, हात लावून भिंती बघितल्या. कित्येक वर्षांत तिला त्या दिसल्याच नसतील. चालत मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "आन् ह्यो उंबरा? त्या चार पायाच्या डबड्यानं ती ह्यो कसा वलांडनार?"

आम्ही सगळे धावलो. उंबरा चांगला वीतभर उंच. दिवसभर आम्ही वस्तू काढत होतो, आणि घराच्या अंगातच असलेली ही अडचण एकाच्याही डोळ्यांना दिसली नव्हती.

"बघितलंस?" दादा मला म्हणाला. तो अजून मोटारसायकलवरच होता. "मी सांगत होतो. जमणारं नाही हे."

बाई त्याच्याकडे वळल्या. खरं म्हणजे तो ज्यावर बसला होता तिच्याकडे. वाट अडवणारी घरातली शेवटची वस्तू आता तीच होती. बाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "ताई, गाडी ऱ्हायलीय."

चादर थोडी सरकली होती, आतली लाल टाकी दिसत होती. वडील त्या गाडीवर आईला मागं बसवून बाजाराला न्यायचे. मी म्हणणार होते की बाई, हिला राहू द्या, पण बाईंनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

"कुनाला घालू, ताई?" त्यांनी विचारलं.

"दादाला घाला," आई म्हणाली. "पुण्याला काहीतरी न्यायचंच म्हनतोय ना त्यो? मग मला कावून न्हेतो, हिला न्हे म्हनावं."

दादा उतरला. त्यानं चादर काढली, घडी घालायला लागला, ती त्याला धड घालता येईना. किल्ली अजून गाडीलाच होती. त्यानं किक मारून बघितली, गाडी कशाला सुरू होतेय? मग दोन्ही हातांनी मुठी धरून त्यानं ती ढकलत ढकलत अंगणात नेली, एकट्यानं, कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही सगळे बघत उभे. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. सरळ मागच्या दाराशी गेला, उंबऱ्याकडे बघत उभा राहिला आणि चाचाला म्हणाला, "चाचा, सिमेंट कुठं मिळंल?"

बाईंनी शिट्टी तोंडात धरली पण वाजवली नाही.

संध्याकाळपर्यंत उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतार तयार झाला. उंबरा फोडायचा नाही, अशी मोठ्या आईची अट होती. तो आतल्या आत तसाच राहिला. दादानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माल कालवला, चाचानं थापीनं सारखा केला, आणि बाईंनी त्यावर झाडूच्या काड्यांनी आडव्या रेघा ओढल्या, पाय घसरू नये म्हणून.

सिमेंट पक्कं वाळल्यावर आम्ही आईला घेऊन आलो. दादानं नवीकोरी चाकांची बॅग घेऊन आईचे कपडे तिच्यात भरले होते आणि ती गाडीच्या डिकीत ठेवली होती. जमलं नाही तर तिथूनच पुढे पुण्याला निघायचं. त्याचा शब्द त्यानं मागे घेतलेला नव्हता. अंगणात मोठ्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाई आणि सर आधीच येऊन उभे होते.

आईनं दारात उभं राहून घर बघितलं. मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. ती फक्त म्हणाली, "उजेड आलाय की गं." मग वॉकर पुढे टाकला.

कुणीही हात लावायचा नाही, हे ठरलेलं. पहिली खोली. मधली खोली. फळीवरच्या परातीकडे तिनं एकदा बघून घेतलं. स्वयंपाकघर. वॉकरचे पाय फरशीवर टक टक वाजत होते आणि आम्ही सगळे मागे मागे. उतारावर ती थांबली. दादाचा हात पुढे झाला, बाईंनी तो धरून मागे ओढला, चांगला घट्ट. आई चढली. उतरली. मागचं अंगण ओलांडून न्हाणीत गेली. दार लागलं.

आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यांदा रडले. आनंदानं रडतात म्हणतात ते मी पहिल्यांदा केलं. बाई मला थोपटत होत्या आणि स्वतः हसत होत्या, रडत होत्या, आणि सरांना सांगत होत्या, "कडी घातली! आईकलं का? कडी घातली तिनं!" दादा बाहेर गेला. गाडीच्या डिकीचा आवाज आला. बॅग घेऊन तो परत आला, मधल्या खोलीत आणून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं कडी उघडली. टक टक करत आई उतारावरून वर आली, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि मधल्या खोलीत वॉकर बॅगेला अडला. आईनं ती नवी बॅग खालीवर न्याहाळली.

"ही कुनाची बॅग आनून ठिवली मधी?" ती कडाडली. "आत्ता तर वाट मोकळी केली घराची! उचला आदी!"

दादा वळला आणि बॅग उचलायला धावला. त्याच्या आधी बाई धावल्या.